मोकळा मंगळवार

१

अकरा वर्षं आमच्या घरी सकाळ झाली ती लीलाच्या दम्यानं. उजाडायच्या सुमारास तिचा श्वास चढायला लागायचा. एक, दोन, तीन अशा तीन पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवर एक बारीक अडखळ, जिना चढताना पायात पदर अडकावा तशी. मग उतार. मग पुन्हा तीन. मी पलीकडच्या खाटेवर पडून ते ऐकायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो. खरं सांगायचं तर मला तिची दया यायच्या आधी राग यायचा. शाळेत पन्नास पोरांचा गोंगाट सहन करून घरी यावं, तर इथे हे. ती बिचारी तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची, आणि मी तिच्याकडे पाठ करून.

आम्ही बऱ्हाणपुरात इतवाऱ्यात राहायचो. खाली मागांची खडखड, वर कापसाचं बारीक तूस. पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवलं तरी तासाभरात त्यावर पांढरी साय धरायची. डॉक्टर म्हणाले, "दत्तात्रयराव, ही हवा बाईंना मारणार. चार दिवस तरी डोंगरावर न्या. कोरड्या हवेत."

न्या म्हणायला काय जातं! डोईफोडियाच्या वर जंगलखात्याचा एक बंगला होता. तो मिळावा म्हणून मी ऑक्टोबरात नागपूरला अर्ज केला. नोव्हेंबर उजाडला आणि राज्यच बदललं. आमचं गाव होतं तिथेच राहिलं, पण राजधानी भोपाळला गेली. नागपूरहून उत्तर आलं की विषय आता भोपाळचा. भोपाळहून उत्तर आलं की कागद अजून नागपूरहून यायचेत. जानेवारी आला तरी माझा अर्ज त्या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी वाटेवर होता, आणि लीला इथे तीन पायऱ्या चढत होती.

शेवटी मी उखर्डूची घरगाडी भाड्यानं घेतली.

उखर्डूनं लढाईनंतरच्या लिलावात लष्कराची एक जखमी वाहून न्यायची मोटार घेतली होती. आत दोन्ही बाजूंना लोखंडी बाकडी, त्यावर गाद्या, मधे फळी, फळीवर स्टोव्ह. मागे दोन दारं आणि दारांना कडी, तीही फक्त बाहेरून. पाहुणेमंडळी ओंकारेश्वराला न्यायला ती गाडी उत्तम. रंगाखालून लाल फुली अजून दिसायची.

"मास्तरसाब, बंगला कशाला पाहिजे?" उखर्डू म्हणाला. "आपला बंगला चाकावर. वहिनीला झोपवा, न् चला. पिंपळदऱ्याले नेतो. वर एकदम साफ हवा."

लीला हसली. पितळी फुलपात्र तिनं पिशवीत घातलं, आमच्या लग्नातलं, काठावर 'सौ. लीला' कोरलेलं. काढा ती त्यातूनच प्यायची.

२

तो पौषातला शेवटचा मंगळवार होता. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी त्याला काय महत्त्व दिलं असतं?

डोईफोडियाच्या पुढे चढ लागला आणि गाडी तापली. थांबा, पाणी घाला, निघा. दर मैलाला हे. अकराच्या सुमारास पिंपळदऱ्याचा ओढा ओलांडला, गाव चढून गेलो, आणि गावाच्या वरच्या टोकाला, निंबाच्या झाडाखाली, शेवटच्या घरासमोर गाडी एकदा मोठ्यानं फुरफुरली आणि मेली. पट्टा तुटला होता.

"कोणाला तरी हाक मार," मी म्हणालो.

उखर्डूनं हाक मारली. मग मी मारली. कोणी आलं नाही.

पंचवीसतीस घरं असतील. मातीच्या भिंती, कौलं, अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे भारे. सगळं नीट झाडलेलं. पण माणूस नाही. माणूस नाही ते एक वेळ ठीक, शेतावर गेले म्हणावं. कुत्रं नाही. कोंबडी नाही. गोठ्यांत गुरं नाहीत, दावी सोडून खुंट्याला गुंडाळून ठेवलेली.

आणि दारं सगळी उघडी. नुसती उघडी नव्हेत. प्रत्येक दाराला एकेक धोंडा लावलेला, मिटू नये म्हणून.

मी पहिल्याच घरात ओट्यावरून डोकावलो. चूल थंड होती. त्यात नवल नाही, पण चुलीतली राखसुद्धा काढून नेली होती. तळ हातानं पुसलेला दिसत होता. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात मी पाहिलंच नाही.

"पटकी आली असेल," मी म्हणालो.

"पटकी आली तर लोकं राख घिऊन जातात का?" उखर्डू म्हणाला. मग त्यालाच ते आवडलं नसावं. "तुमी बसा. मी खाली ओढ्याकडं बघतो. धूर दिसला मले तिकडं, खाली झाडीत. लोकं असतील तर पट्ट्याच्या जागी बांधाले वादी आनतो."

मला इतका वैताग आला की सांगता सोय नाही. चार दिवसांची रजा मिळायला मी हेडमास्तरांच्या मागे महिनाभर फिरलो होतो. त्यातला पहिला दिवस एका ओसाड गावात, बिघडलेल्या गाडीत, आणि मागच्या बाकड्यावर लीलाचा श्वास चढायला लागलेला.

३

उखर्डू गेला तो गेलाच. एक वाजला. दीड वाजला.

लीलाला चांगलाच दम लागला होता. खांदे वर-खाली होत होते. बाहेर वारा सुटलेला, म्हणून मी स्टोव्ह गाडीतच पेटवला, अडुळशाचा काढा उकळला आणि फुलपात्रात ओतून तिच्या हातात दिला. रॉकेलच्या वासानं ती अजून गुदमरली. मी चिडलो. "बाहेर पेटत नाही, आत सोसत नाही. करू तरी काय मी?"

"तुम्ही... नका... चिडू," ती तीन पायऱ्यांत म्हणाली. "मी जरा... बाहेर... सावलीत बसते."

पाणीही संपलं होतं. विहीर गावाच्या खालच्या अंगाला पाहिली होती. किटली घेऊन मी उतरलो. मागे वळून पाहिलं तेव्हा ती निंबाखाली उभी होती, फुलपात्र दोन्ही हातांत धरून, शेवटच्या घराच्या ओट्याकडे बघत. ओट्यावर छान गार सावली होती.

विहिरीवर दोर नव्हता. मग धोतराच्या सोग्याला किटली बांधून पाणी काढणं, ते अर्धं सांडणं, मी काय काय बोललो ते लिहायचं नाही. पाऊण तास तरी गेला असेल.

परत आलो तर निंबाखाली कोणी नाही. गाडीचं दार उघडं. लीला बाकड्यावर झोपलेली, तोंड भिंतीकडे, शाल खांद्यावर ओढून. आडवी. तिन्ही उशा पायाशी पडल्या होत्या.

आडवी झोपलेली लीला मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिली नव्हती. मी किटली हातातच धरून उभा राहिलो. कान दिले. काहीही आवाज नाही. घरघर नाही, अडखळ नाही. शाल अगदी हलके हलत होती की नव्हती, मला आता सांगता येणार नाही. त्या वेळी मी एवढंच म्हणालो की डॉक्टर देवमाणूस आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात समोर धाडकन आवाज झाला.

शेवटच्या घराचं दार. वाऱ्यानं त्याचा धोंडा सरकला होता, की कोणाच्या पायानं, कोण जाणे. दार आपटायचं, उघडायचं, पुन्हा आपटायचं. इतक्या वर्षांनी ही बाई आडवी झोपली आहे आणि हे दार तिला उठवणार! मी धावत ओटा चढलो, दार ओढलं, कोयंड्यात कडी घातली.

मी आत पाहिलं नाही. सकाळी दोन घरांत डोकावलो होतो तेवढं पुरे होतं. शिवाय उघडं दार मला बघवत नाही. शाळेतही वर्गाचं दार मीच लावतो.

कडी बसली तेव्हा आत काहीतरी टण्‌ वाजलं. पितळ जमिनीवर टेकावं तसं. उंदीर असेल म्हटलं. घरघरही ऐकल्यासारखी वाटली, पण तो आवाज माझ्या कानातच मुरलेला होता, तो मला कुठेही ऐकू आला असता.

४

तीन वाजता ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. उखर्डू पळत वर येत होता. त्याच्यामागे ओढ्यापलीकडे दहाबारा माणसं उभी होती, पण कोणीही ओढा ओलांडत नव्हतं.

"इस्टो विझवा, मास्तरसाब! आधी विझवा!" उखर्डू धापा टाकत म्हणाला. "आज याहिचा मोकळा मंगळवार हाये. गावात चूल नाही, मानूस नाही, जनावर नाही. दिवे लागेपर्यंत समदे ओढ्यापार. लई बिघडलेत आपल्यावर."

गाडी उतारावर होती म्हणून बरं. त्यानं ती तशीच सोडली आणि ब्रेक धरत, गावामधून, ओढ्यापर्यंत घरंगळत नेली. मी मागे लीलापाशी बसलो होतो. ती जागी झाली नाही. घरं मागे सरकत होती, आणि मला मागून, वरून, ती घरघर अजून ऐकू येत होती. बारीक होत होत मग थांबली. मी कानात बोट घालून हलवलं.

ओढ्यापलीकडे पाटील देवराम पुढे आला. उंच, म्हातारा, काठी हातात. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"शिकेल मानसं तुमी," तो म्हणाला. "गाव मोकळं दिसते, दाराले धोंडे दिसतात. वळखू नये का? चूल बी पेटवली?"

"आमचं माणूस आजारी आहे," मी म्हणालो.

"ते जाऊ द्या." तो जवळ आला. "दार तर नाही ना लावलं कोन्तं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायका, पोरं, शेळ्या घेतलेल्या म्हाताऱ्या. सकाळपासूनचा वैताग माझ्या गळ्याशी आला होता. एक खेडूत मला सगळ्यांसमोर वर्गातल्या पोरासारखा उलटतपासत होता. मी मास्तर आहे, मला विचारायची सवय आहे, उत्तरं द्यायची नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी कशाला लोकांची दारं लावू?"

"देवाची आन?"

"अहो, सांगितलं ना एकदा."

देवराम मागे सरला. त्याचा चेहरा निवळला. कोणीतरी उखर्डूला वादी दिली, कोणी पाणी आणलं. वाईट माणसं नव्हती ती. एक म्हातारी गाडीच्या मागच्या दाराशी येऊन आत वाकली. सोजरबाई तिचं नाव. निंबाखालचं ते शेवटचं घर तिचंच होतं, हे मला पुढे कळलं.

"बाई अशीच निजते का, भाऊ?" तिनं विचारलं.

"तिला बरं वाटतंय," मी तुटकपणे म्हणालो आणि दार लावून घेतलं.

५

लीला बरी झाली.

इतकी बरी झाली की डॉक्टरांनी तिची छाती तीनदा तपासली आणि मलाच शाबासकी दिली. ती जिना चढायची तर एका दमात. इतवाऱ्यातून भाजी आणायची, वर येऊन लगेच बोलायला लागायची. वरण तेच, बोलणं तेच, माझ्या आईच्या तिथीची आठवण तीच. मी काय म्हणून तक्रार करावी?

फुलपात्र तेवढं हरवलं. "राहिलं असेल तिकडेच," ती म्हणाली आणि माझ्याच पेल्यातून पाणी प्यायली.

पण मला झोप येईना. दुपारी पडावं तर कान टवकारलेले. तीन पायऱ्या कुठे आहेत? अकरा वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या घातल्या, त्याच्याशिवाय घर मला घर वाटेना. मी स्वतःवरच चिडायचो. बायको बरी झाली याचं दुःख करणारा माणूस जगात मी एकटाच असेन.

मग एक गोष्ट लक्षात आली, आणि लक्षात आली नसती तर फार बरं झालं असतं. लीला चूल फुंकत नव्हती.

फुंकणी भिंतीशी उभी असायची. दम्याच्या दिवसांतसुद्धा ती दोन फुंकरा मारून, छाती धरून, पुन्हा फुंकायची. मी किती रागवायचो. आता विस्तव मंदावला की ती मला हाक मारायची. "अहो, जरा फुंका ना." दिवा ती चिमटीनं विझवायची. गरम चहा बशीत ओतून निवायची वाट बघत बसायची, फुंकर नाही. मार्गशीर्षात थंडी पडली. सकाळी मी अंगणात बोललो की तोंडातून वाफ निघायची. ती माझ्या शेजारी उभी राहून दूधवाल्याशी चांगली पाच मिनिटं बोलली. दूधवाल्याच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्या तोंडातून निघत होती.

मी आत आलो आणि शाळेत जायच्या आधीच घामानं भिजलो. मनाशी म्हटलं, दत्तात्रय, तू गणित शिकवतोस. डोकं ताळ्यावर ठेव.

नंतर पौष लागला आणि उखर्डू चहाला आला.

"मागच्या महिन्यात पिंपळदऱ्याले गेल्तो वऱ्हाड घिऊन," तो म्हणाला. "मास्तरसाब, मागच्या साली आपन गेलो ना, त्या दिवशी एक दार लागेल निघालं. ती सोजरबाई नाही का? तिचं. बुढी सालभर गोठ्यात ऱ्हायते."

"का? कडी काढायची," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कोन काढनार? मानसानं लावलं असतं तर काढलं असतं. तुमी सांगितलं ना, आपन नाही लावलं. तर मंग घरानंच लावून घेतलं, असं म्हनतात ते. आता कोनी हात लावत नाही." त्यानं बशी खाली ठेवली. "आतून दम्यासारखा आवाज येते म्हने. बारा महिने."

"बापरे," लीला म्हणाली. तिनं उठून खिडकी लावून घेतली. "वारा किती सुटलाय."

६

पौषातल्या शेवटच्या मंगळवारी मी पुन्हा ती घरगाडी भाड्यानं घेतली. रजा मागितली नाही, मिळाली नसती. लीलाला सांगितलं की फुलपात्र शोधायला जातो.

"मीही येते," ती म्हणाली आणि माझ्या आधी जाऊन बाकड्यावर बसली.

वाटेत चाक पंक्चर. ते काढून होतं न होतं तोच पट्टा. उखर्डू शिव्या घालत होता, मी त्याला घालत होतो, आणि सूर्य आमची वाट बघत नव्हता. ओढ्याशी पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. सगळं गाव अलीकडच्या काठावर बसलं होतं, पोटलीत राख बांधून, गुरं हाताशी धरून. समोर ते उघड्या दारांचं गाव.

मी उतरलो. लीलाही उतरायला लागली.

"तू बस. बाहेर वारा आहे," मी म्हणालो, दार ढकललं आणि कडी घातली. हात आपोआप गेला.

देवरामसमोर उभं राहून मी सगळं सांगितलं. सगळ्यांच्या देखत. खोटं बोललो म्हणून सांगितलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. देवरामनं काठी उचलली आणि तशीच खाली केली. 

बोलली ती सोजरबाई. वर्षात ती निम्मी झाली होती.

"मले एक डाव सांगतलं असतं, भाऊ," ती म्हणाली. "सांजच्याले काढून टाकलं असतं तुमी. येवढंच होतं ते." मग तिनं सूर्याकडे पाहिलं. "पळा आता. ज्यानं लावलं त्यानंच काढा लागते. दिवा लागायच्या आत. न् समदी दारं मोकळी पाहिजेत. एक बी बंद नाही. दार मोकळं असलं का ज्याचं त्याले जाता येते."

मी ऐकलं. पण माझ्या डोक्यात एकच दार होतं. मी पळालो.

गावात माझ्या वहाणांशिवाय आवाज नव्हता. निंबापाशी पोचलो आणि थांबलो. एक, दोन, तीन. अडखळ. उतार. दारापलीकडे, अगदी दाराला टेकून. आवाज थकला होता, पण तोच होता. त्यात दुसऱ्या कोणाचा भास व्हायला जागाच नव्हती. अकरा वर्षं मी तो पाठ केला होता.

"लीला," मी म्हणालो.

घरघर थांबली. मग घाईघाईनं सुरू झाली.

कडी गंजली होती. दोन्ही हातांनी हिसडली तेव्हा निघाली. दार उघडलं. आत एकच खोली, जातं, उभी केलेली बाज, पोपडे आलेल्या भिंती. उंबऱ्याच्या आत, दाराला लागून, जमिनीवरची धूळ एवढ्याशा जागेत पुसली गेली होती, वर्षभर कोणी बसून राहावं तशी. तिथे फुलपात्र होतं. मी उचललं. ते कोमट होतं.

खोलीत कोणी नव्हतं. पण माझ्या खांद्याजवळून, उजव्या बाजूनं, ती घरघर बाहेर पडली.

मी वळलो. ओट्याच्या पायरीवर ती थांबली. तिला उतरताना थांबावं लागायचंच. मग निंबापाशी थांबली. मी दोन पावलं पुढे जाऊन थांबलो, कायम थांबायचो तसा. फरक एवढाच, की पूर्वी मी कपाळाला आठ्या घालून थांबायचो. "सावकाश ये," मी म्हणालो. "घाई नाही. मी आहे." हे मी तिला अकरा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. आम्ही गावातून खाली उतरलो, उघड्या दारांमधून, मी आणि माझ्या शेजारी ते तीन पायऱ्यांचं चालणं. वाटेत लोक भेटले, बैल, शेळ्या, राखेच्या पोटल्या. सूर्य टेकला होता आणि गाव घरी परतत होतं. ते आम्हाला बाजू देऊन भिंतींना चिकटून उभे राहिले. सोजरबाई मात्र थांबली नाही. वर्षानं घर मिळालं होतं तिला. ती जवळजवळ पळत होती.

ओढा ओलांडला. घरगाडी तिथेच उभी होती, दोन्ही दारं बंद, बाहेरून कडी.

मग मला आठवलं. एक बी बंद नाही.

घरघर दारापाशी जाऊन थांबली. मी कडीवर तुटून पडलो. गाडी उतारावर तिरकी उभी होती, दारांचा सगळा भार कडीवर आला होता, ती जागची हलेना. "उखर्डू!" मी ओरडलो. तो खाली ओढ्यात पाणी भरत होता. मी दगड घेऊन ठोकलं, खांदा लावला, पुन्हा ओढलं. माझ्या शेजारी तिला फार धाप लागली होती. मलाही. तोंड उघडं टाकून मी श्वास ओढत होतो आणि कडी ओढत होतो.

आतून लीलाचा आवाज आला. स्वच्छ, गोड, एका दमातला.

"असू द्या ना हो बंद. वारा लागतो."

वर, गावाच्या टोकाला, निंबाखालच्या घरात एक दिवा लागला.

शेजारची घरघर एकदम थांबली. मी तसाच, तोंड वासून, दिव्याकडे बघत राहिलो. छातीत काहीतरी गार शिरलं, एवढं मला कळलं. मग कडी आपोआप निघाली, बोटानं ढकलावी इतकी हलकी. दार उघडलं. लीला उशीला टेकून बसली होती, हात मांडीवर.

"झालं का काम?" तिनं विचारलं. "सापडलं?"

मी उत्तर द्यायला गेलो. श्वास वर चढला. एक, दोन, तीन.

७

याला दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, या वयात दमा असा एकाएकी लागलेला त्यांनी पाहिला नाही. औषध लिहून देतात, मी घेऊन येतो आणि जिन्याखालच्या मोरीत ओततो. नीट झालो तर ती कुठे जाईल?

घरात सगळं ठीक आहे. लीला माझी काळजी घेते. काढा करून देते, मी तो त्याच फुलपात्रातून पितो. मला आता तीन उशा लागतात. पाठीशी त्या ती रचून देते, खिडक्या लावते, आणि पलीकडच्या खाटेवर आडवी होते. मग तिकडून काहीही ऐकू येत नाही.

परवा डॉक्टर वैतागून म्हणाले, "दत्तात्रयराव, मागे बाईंना गुण आला तसा तुम्हालाही येईल. चार दिवस डोंगरावर जाऊन या."

"बघू," मी म्हणालो.

जिना उतरताना मधल्या पायरीवर दम लागला. पूर्वी अशा वेळी मी पुढे जाऊन कपाळाला आठ्या घालायचो. आता मी कठड्याला टेकलो आणि तिची अडखळ होऊ दिली.

"सावकाश," मी म्हणालो. "घाई नाही."